पाच वर्षांचे दान

(वर्षावासाच्या समारोपानिमित्त एका बुद्धविहारात, नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान)



सभेस आरंभ होण्यापूर्वी विहाराच्या पायरीवर एका भगिनीने मला थांबविले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझी लेक यंदा बारावीला आहे. गणितात पाच वर्षं शिकायचं म्हणते. शेजारचा मुलगा तीन वर्षांत पदवी घेऊन नोकरीला लागला. मग आम्ही जास्तीची दोन वर्षं कुठून आणायची?" मी त्यांना एवढेच म्हटले की, ताई, याचे उत्तर मी सभेत देतो. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. येथे बसलेल्या अनेक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, आणि त्यांपैकी कित्येकांच्या घरातील पहिलेच मूल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभे आहे. तेव्हा आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे आपण समजावे.

प्रथम विषय स्पष्ट करतो. गणितातील पदवी आणि पदव्युत्तर पदवी या दोन्ही, एकदाच प्रवेश घेऊन, पाच वर्षांच्या सलग अभ्यासाने संपादन करता येतात. अशा शिक्षणक्रमास एकात्मिक अभ्यासक्रम म्हणतात. तो कोठे मिळतो, त्यासाठी विद्यार्थ्याजवळ काय असावे लागते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या घरच्या माणसांना त्यासाठी काय द्यावे लागते, हे मला सांगावयाचे आहे.

फळ्यामागचे डबे

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविला आहे. शाळेत शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले. त्याबरोबर वर्गात एकच गलका झाला. सवर्ण विद्यार्थी आपले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवीत असत. भीमरावांचा स्पर्श फळ्यास होण्यापूर्वी ते डबे दूर करण्यासाठी मुलांची धावपळ उडाली.

बंधूंनो, या प्रसंगाकडे आपण नेहमी अपमान म्हणून पाहतो, आणि तो अपमान होताच. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. फळ्यावर जे उदाहरण होते त्याला जात नव्हती. ते कोणाच्याही हाताने सोडविले असते तरी त्याचे उत्तर बदलणार नव्हते. विटाळ मानणारी माणसे फळ्यासमोर बसली होती. फळ्यावरील अंकांना विटाळ ठाऊक नव्हता.

त्याच बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारशी घ्यावी लागली. एक विषय त्यांच्यासाठी जन्मावरून बंद करण्यात आला होता. आज कोणत्याही विषयाचे दार आपल्या मुलांसाठी कायद्याने बंद नाही. परंतु एक दार आपण स्वतःच आतून कडी घालून बंद करतो. "गणित आपल्या मुलांना झेपत नाही," असे आपणच म्हणतो. हे वाक्य आपले नव्हे. बुद्धी जन्माने मिळते आणि कुळावर ठरते, असे सांगणाऱ्या व्यवस्थेचे ते वाक्य आहे. ती व्यवस्था आपण दीक्षाभूमीच्या मार्गाने सोडून आलो. तिचे वाक्य मात्र आपल्या जिभेवर राहिले. दीक्षेनंतर घरातील ज्या जुन्या वस्तू बाहेर काढावयाच्या असतात, त्यांत हे वाक्यही काढले पाहिजे.

खड्यांचा चौरस

पाच वर्षे गणित शिकावयाचे म्हणजे काय? मोठमोठ्या बेरजा करावयाच्या काय? नाही. आपण घरी गेल्यावर अंगणात काही खडे घेऊन बसा. 1 खडा ठेवा. त्यात 3 मिळवा, 4 झाले. त्यात 5 मिळवा, 9 झाले. त्यात 7 मिळवा, 16 झाले. प्रत्येक वेळी त्या खड्यांचा नेमका चौरस मांडता येतो. दहा वेळा करून पाहा, दहाही वेळा तसेच होईल. परंतु दहा वेळा खरे ठरले म्हणून हजाराव्या वेळी ते खरे ठरेलच, हे कशावरून?

शाळेतील गणित बहुधा येथेच थांबते. पदवीचे गणित येथून सुरू होते. प्रत्येक बाजूस 4 खडे असलेला चौरस मांडा. तो प्रत्येक बाजूस 5 खड्यांचा करावयाचा असेल तर एका बाजूस 4, दुसऱ्या बाजूस 4 आणि कोपऱ्यात 1, असे 9 खडे लागतील. चौरस कितीही मोठा असो, दोन बाजूंना सारख्या ओळी आणि कोपऱ्यात एक खडा, हीच रीत राहणार. म्हणून दर वेळी पुढचीच विषम संख्या लागणार. आता हजार वेळा खडे मोजण्याची गरज उरली नाही. कारण समजले, म्हणजे सिद्धता झाली.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना केलेला उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकला असेल. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. ती स्वतः तपासून पाहा, असा त्याचा आशय आहे. भगवंतांनी तो उपदेश कुशल-अकुशलाच्या संदर्भात केला, गणिताच्या नव्हे. परंतु ज्या मनाला ही सवय लागली त्याला गणिताचा वर्ग परका वाटणार नाही. तेथे सर्वांत वयोवृद्ध प्राध्यापकाची चूकसुद्धा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दाखविली, तर ती चूकच ठरते. ज्या समाजास शतकानुशतके "का?" असे विचारण्याची बंदी होती, त्या समाजाच्या मुलीने पाच वर्षे हाच एक शब्द विचारीत राहावे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

मार्ग कोणते आहेत?

आता व्यवहाराकडे वळू. आपल्या राज्यात आणि देशात गणिताच्या पदव्युत्तर पदवीपर्यंत जाण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग जुना आणि परिचित आहे. तीन वर्षांची बी. एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांची एम. एस्सी. दुसरा मार्ग २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खुला झाला. त्यात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेऊन पुढे एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेता येते. तिसरा मार्ग पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा. तिन्ही मार्गांची बेरीज पाचच होते, हे प्रथम ध्यानात घ्या. एकात्मिक अभ्यासक्रमात दोन वर्षे अधिक जातात असे नाही. ती आधीच ठरविली जातात, एवढाच फरक आहे.

एकात्मिक शिक्षणाच्या प्रमुख संस्थांपैकी एक आपल्या पुण्यात आहे. भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे 'आयसर', पुणे आणि कोलकाता येथे २००६ साली सुरू झाल्या. आज मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बऱ्हामपूर धरून त्या सात आहेत. तेथे बी. एस.-एम. एस. अशी दुहेरी पदवी मिळते. आरंभी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या सर्वांची ओळख करून दिली जाते, पुढे विद्यार्थी आपला विषय निवडतो आणि अखेरच्या वर्षी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रबंध लिहितो. मुंबईत विद्यापीठाच्या कालिना परिसरात मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे मूलभूत विज्ञान केंद्र आहे. भुवनेश्वरजवळ 'नायसर' आहे. या दोन्ही संस्था २००७ साली निघाल्या आणि दोन्हींत पाच वर्षांची एकात्मिक एम. एस्सी. गणितात करता येते.

'आयसर'साठी त्यांची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते. मुंबईचे केंद्र आणि 'नायसर' या दोहोंसाठी 'नेस्ट' ही एकच परीक्षा असते. 'आयसर'च्या परीक्षेत 60 प्रश्न असतात, चार विषयांचे प्रत्येकी 15. बरोबर उत्तरास 4 गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा 1 गुण वजा होतो. अभ्यास बहुतांशी राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून करता येतो. ती पुस्तके स्वस्त आहेत आणि इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. लाखो रुपये शुल्क घेणाऱ्या शिकवणीवाचून ही परीक्षा देताच येत नाही, हा समज कृपा करून सोडून द्या. मात्र प्रश्नपत्रिका मराठीत नसते, यासाठी विज्ञानाची इंग्रजी परिभाषा अकरावीपासूनच कानावर आणि हातावर बसली पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. दहावीनंतर अनेक मुले गणित सोडून केवळ जीवशास्त्राचा गट घेतात. जो विषय पुढे शिकावयाचा आहे तो सोळाव्या वर्षी घाईने टाकून देऊ नये.

मी असे म्हणत नाही की, एकात्मिक अभ्यासक्रमच श्रेष्ठ आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील बी. एस्सी. कनिष्ठ. ज्या घरास तिसऱ्या वर्षाअखेर हातात पदवी हवी आहे, त्याने पहिला मार्ग धरावा. बी. एस्सी.नंतर 'जाम' ही परीक्षा देऊन आय. आय. टी.मध्ये गणिताच्या एम. एस्सी.साठी जाता येते. १९९३ पासून चालू असलेल्या 'एम. टी. टी. एस.' या उन्हाळी वर्गांत पदवीच्या विद्यार्थ्यांना सुमारे चार आठवडे उत्तम शिक्षकांच्या सहवासात गणित शिकता येते. लहान गावातील महाविद्यालयाची मुले तेथे जातात आणि ताठ मानेने परततात. मार्ग कोणताही घ्या. परंतु पाचव्या वर्षापर्यंत जाण्याचा निश्चय पहिल्याच दिवशी करा.

कागदपत्रांविषयी

आता नवदीक्षितांनी विशेष लक्ष द्यावे असा विषय. "बौद्ध झालो म्हणजे सवलती गेल्या," असे भय अजूनही काही घरांत घातले जाते. त्याचा इतिहास माहीत असावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींत केवळ हिंदू धर्मीयांचीच गणना होत असे. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा मात्र झाला नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या कक्षेत नवबौद्धांस सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या संस्थांचे दार बंदच राहिले. नागपूरच्या दीक्षेनंतर ३४ वर्षांनी, १९९० साली, कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. त्या ३४ वर्षांत किती बुद्धिमान मुले केंद्राच्या संस्थांपासून वंचित राहिली असतील, याची गणना कोणी केलेली नाही.

म्हणून आज ज्यांची पूर्वाश्रमीची जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, अशा बौद्धांस केंद्रीय शिक्षणसंस्थांतील 15 टक्के राखीव जागांचा हक्क आहे. 'आयसर' आणि 'नेस्ट'साठी बारावीस इतरांना जेथे 60 टक्के गुण आवश्यक आहेत, तेथे या विद्यार्थ्यांस 55 टक्के पुरतात. हा हक्क बजावण्यासाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या विहित नमुन्यात असावा लागतो. राज्यातील अनेक प्रवेशांसाठी जात वैधता प्रमाणपत्रही मागतात. ही कामे निकाल लागल्यावर धावपळ करून होत नाहीत. मूल अकरावीत असतानाच तहसील कचेरीतील आणि पडताळणी समितीपुढील कागद मार्गी लावा. शाळेच्या दाखल्यावरील नाव, आडनाव, जन्मतारीख यांत एका अक्षराची तफावत असेल तर ती आताच दुरुस्त करून घ्या.

एका तरुणाने मला विचारले होते, "ज्या जातीचा आम्ही त्याग केला तिचे नाव पुन्हा कागदावर का लिहावयाचे?" प्रश्न प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे की, तो दाखला आपली ओळख सांगत नाही. आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद सांगतो. जखमेची नोंद ठेवणे म्हणजे जखमेचा अभिमान बाळगणे नव्हे. आपली ओळख त्रिशरणात आणि पंचशीलात आहे.

खर्चाचेही सांगतो. ज्यांचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांस भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. केंद्राने निवडलेल्या नामांकित संस्थांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मर्यादेत, उच्च श्रेणी शिक्षणाची स्वतंत्र योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. प्रत्येक योजनेच्या अटी आणि मुदती दर वर्षी स्वतः वाचून घ्याव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पहिले वर्ष

आता एक कटु गोष्ट. बारावीस गणितात नव्वद गुण मिळविलेला विद्यार्थी या अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात नापास होऊ शकतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते; खेळाचे नियम बदललेले असतात. आजवर तो उत्तर काढीत होता, आता त्याला सिद्धता लिहावी लागते, तीही इंग्रजीत. एका प्रश्नावर तीन दिवस बसावे लागते आणि तिसऱ्या दिवशीही कागद कोराच राहतो. शेजारच्या खोलीतील मुलाचा पिता प्राध्यापक असतो. आपल्या मुलास शंका विचारावयास घरी कोणी नसते. त्यातच त्याच्या राखीव जागेविषयी कोणी टोमणा मारतो. अशा रात्री तो घरी फोन करतो.

मातापित्यांनो, त्या फोनवर आपण काय बोलता, यावर पुष्कळ अवलंबून असते. "किती गुण पडले?" हा प्रश्न त्या रात्री विचारू नका. "जेवलास का? आज काय शिकलास?" एवढे विचारा. आपणांस गणित येत नाही म्हणून संकोच वाटू देऊ नका. आईने "मला समजेल असे सांग," म्हटले आणि मुलीने खड्यांचा चौरस समजावून सांगितला, तर त्या रात्री दोघींचाही अभ्यास झाला.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही खोलीत एकटे रडत बसू नका. प्राध्यापकाच्या दारावर टकटक करा, वरच्या वर्गातील आपल्या बांधवांचा शोध घ्या, दोघे-तिघे मिळून अभ्यास करा. नापास झालेला विषय पुन्हा देता येतो. अपमान करणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क तुम्हांस आहे. तो लेखी बजावा. परंतु त्याच्या बोलण्यामुळे गणित सोडू नका. त्याला तेवढेच हवे असते.

पुढे काय?

पाच वर्षांनंतर काय, असेही विचारले जाते. पदव्युत्तर पदवी आणि 'नेट' अथवा 'सेट' परीक्षा या बळावर महाविद्यालयात अध्यापन करता येते. 'नेट'मध्ये संशोधनवृत्ती मिळाली तर पीएच. डी. करताना, २०२३ पासूनच्या दराने, आरंभी दरमहा 37,000 रुपये मिळतात. विमा, बँका, संगणकक्षेत्र आणि शासकीय सेवा यांतही गणितज्ञास स्थान आहे. परंतु मला एक स्वप्न अधिक मोलाचे वाटते. आपल्या वस्तीतील दहावीच्या मुलांसमोर, फळ्यापाशी, आपल्याच वस्तीतील एम. एस्सी. झालेली मुलगी उभी आहे आणि त्या फळ्यामागे कोणाचेही डबे नाहीत.

खंडित वर्षांची किंमत

शेवटी पुन्हा त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. ही वर्षे कोठून आणावयाची?

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले आणि १९१५ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. पुढे लंडनमध्ये अभ्यास चालू असतानाच बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अर्ध्यातून परतावे लागले. १९२० साली, स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साह्य आणि स्नेही नवल भथेना यांची मदत घेऊन ते पुन्हा गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. मधली तीन वर्षे परिस्थितीने हिरावून घेतली. बाबासाहेबांसारखा असामान्य पुरुष तुटलेला धागा पुन्हा जोडू शकला. सामान्य विद्यार्थ्याचा तुटलेला अभ्यास बहुधा जुळत नाही. गणितात तर मुळीच नाही, कारण तेथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते.

आणि ती वर्षे बाबासाहेबांना कोणी दिली? शिष्यवृत्तीने पैसा दिला. वर्षे दिली ती माता रमाईंनी. मुंबईत हालअपेष्टा सोसून त्यांनी घर सांभाळले आणि पतीचा अभ्यास मोडू दिला नाही. आपण दानपारमितेविषयी ऐकतो. दान केवळ धनाचे नसते. गरीब घराजवळ देण्यासारखी एक मोठी वस्तू असते, ती म्हणजे वेळ. "तू शिक, घराचे आम्ही पाहतो, पाच वर्षे तुला कोणी हाक मारणार नाही," असे म्हणणे हेही दानच आहे. या देशात वरच्या वर्गातील मुलास हे दान न मागता मिळते. आपल्या मुलास ते विचारपूर्वक द्यावे लागते.

रमाईंच्या यातना मात्र आपण पुन्हा कोणा एका स्त्रीच्या वाट्यास देऊ नयेत. म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील एका विद्यार्थ्याच्या पाच वर्षांची जबाबदारी घ्यावी. कोणी पुस्तके द्यावीत, कोणी प्रवासखर्च, कोणी कचेरीतील कागदांसाठी एक दिवस. घरात आजारपण आले तर वस्तीने उभे राहावे, मुलीस परत बोलावू नये.

ताई, आपण शेजारच्या मुलाशी तुलना केली. त्याच्या नोकरीचा मला आनंदच आहे. त्याच्या घराची गरज तशी असेल. परंतु आपली लेक स्वतः होऊन गणित मागते आहे. ज्या समाजाला अक्षर मागण्याची मनाई होती, त्या समाजाची मुलगी आज सिद्धता मागते आहे. तिला नाही म्हणू नका. जास्तीची दोन वर्षे आपण एकट्यांनी आणावयाची नाहीत. ती आपण सर्वांनी मिळून आणावयाची आहेत, आणि त्याचा आरंभ या सभेनंतर, याच विहारात होईल, अशी मी आशा करतो.

नमो बुद्धाय! जय भीम!